जर्मनमधून स्पॅनिशमध्ये, मधल्या स्टेशनवर न उतरता : एका मॅन्युअलच्या नोंदी

सोमवार, 2 जून 2025

सकाळी आल्या आल्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराच्या ऑर्डरची फाइल उघडी होती आणि पान 9 वर पिवळ्या हायलायटरची रेघ. करारातली ओळ अशी, की सर्व तांत्रिक कागदपत्रं स्पॅनिशमध्ये द्यायची. मार्चमध्ये सही झाली तेव्हा ही ओळ आम्ही तिघांनीही वाचली होती. वाचली आणि पान उलटलं.

मशीनची कुंडली इथे मांडून ठेवते, पुढे लागेल. गोळ्या बनवायचं रोटरी कॉम्प्रेशन मशीन, जर्मन बनावटीचं, 1994 सालचं. तिथल्या बंद पडलेल्या कारखान्यातून आपण उचललं. वसईच्या वर्कशॉपमध्ये ओव्हरहॉल चालू आहे. टरेट (पंच म्हणजे दाबणारे दांडे आणि डाय म्हणजे गोळीचे साचे धरून फिरणारी तबकडी), कॅम ट्रॅक, बेअरिंगं, वायरिंग, सगळं उघडलंय. गिऱ्हाईक मेक्सिकोतली औषध कंपनी. माल 25 जुलैला न्हावा शेव्याहून निघायचा आणि मांझानियो बंदरात उतरायचा. मॅन्युअल 142 पानांचं, फक्त जर्मन. मशीन मुळात जर्मनीतच विकलं गेलेलं, त्यामुळे इंग्रजी प्रत सोबत आलीच नाही. बनवणारी कंपनीही आता अस्तित्वात नाही, विचारायचं कोणाला?

मेक्सिकोवाल्यांचंही चुकत नाही. तिकडे औषधनिर्मितीसाठी नॉम 059 नावाची नियमावली आहे. ऑपरेटरच्या हातात त्याला वाचता येणारा कागद नसेल तर त्यांचा क्वालिटीवाला मशीन चालू करायची परवानगीच देणार नाही.

साहेब म्हणाले, "अगं, मोबाइलचा कॅमेरा धरला की होतंय आता भाषांतर." माझ्याकडे बघून मग स्वतःच म्हणाले, "बरं, चौकशी कर."

मंगळवार, 3 जून

चौकशीआधी कॅमेऱ्याचाच मार्ग करून पाहिला, नाहीतर रोज तेच ऐकावं लागेल. आधी 142 पानं स्कॅन करून ओसीआरमधून (छापील अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) काढली. जर्मनमधला जोड-एस आहे ना, बी अक्षराच्या लांबच्या नातेवाइकासारखा दिसणारा, तो निम्म्या ठिकाणी बी होऊन आला. नंतर मशीन ट्रान्सलेशन. स्पॅनिश मजकूर बाहेर पडला, दिसायला एकदम गुळगुळीत. मला स्पॅनिश येत नाही, त्यामुळे खडा कुठे आहे ते लागायची सोयच नाही.

माझं जर्मन बी-1, म्हणजे मधल्या पातळीपर्यंतचं, तेही 2012 साली सुटलेलं. मूळ पानं डिक्शनरी घेऊन कशीबशी वाचता येतात. म्हणजे विहिरीचा एक काठ मला दिसतो, दुसरा नाही.

गुरुवार, 5 जून

अंधेरीहून फास्ट लोकलने चर्चगेट, तिथून पावसात चालत काळा घोडा. यंदा पाऊस मेमध्येच येऊन बसलाय, छत्री सुकतच नाही. मॅक्स म्युलर भवनात जुन्या बाई भेटल्या, ज्यांनी मला जर्मनचं देर-दी-दास शिकवलं होतं. (गोएथे इन्स्टिट्यूट जगभर गोएथेच्या नावाने चालतं, भारतात मात्र मॅक्स म्युलरच्या. हा गृहस्थ आयुष्यात कधी भारतात आला नाही. आमच्या बॅचचा हा आवडता विनोद होता.)

बाईंनी प्रश्न ऐकला आणि हसल्या. "जर्मन-इंग्रजी म्हणशील तितके देते. जर्मन-मराठीही देईन, चांगले देईन. पण जर्मन-स्पॅनिश? ही जोडी आपल्या गावात राहत नाही गं. इथे जर्मन शिकणारा इंग्रजीकडे येतो, स्पॅनिश शिकणाराही इंग्रजीकडेच येतो. दोघं भेटतात ते दादर स्टेशनवर."

कलिन्याला विद्यापीठाच्या जर्मन विभागातही फोन केला, उत्तर साधारण तेच. स्पॅनिश सरकारची सर्व्हांतेस संस्था दिल्लीला आहे. तिथे स्पॅनिश आहे, पण कॉम्प्रेशन मशीन नाही.

बाईंनी निघताना एक गोष्ट सांगितली, ती लिहून ठेवते. भाषांतरकार नेहमी स्वतःच्या मातृभाषेत भाषांतर करणारा बघ. आपल्याला जर्मन उत्तम येणारा मराठी माणूस नकोय. आपल्याला हवाय तो स्पॅनिशमध्ये वाढलेला, जर्मन नीट कळणारा आणि मशीनला हात लावलेला. तीन अटी. दोन पुरवणारे भेटतील, तिसरीवर अडेल.

सोमवार, 9 जून

तीन कोटेशनं आली.

फोर्टातली एजन्सी : शब्दाला 2 रुपये 75 पैसे, सर्व भाषा, पाच दिवसांत काम. वर लिहिलंय, "थेट जर्मन ते स्पॅनिश, तज्ज्ञांकडून तपासणीसह". साहेबांना लगेच आवडली.

अंधेरीतली एजन्सी : शब्दाला 6 रुपये, अनुवादक माद्रिदमध्ये बसलेला, तीन आठवडे.

पुण्यातली एजन्सी : नकार. तिथल्या ताई म्हणाल्या, "आमच्याकडे जर्मन-इंग्रजी आहे, स्पॅनिश-इंग्रजी आहे. दोन्हीची शिवण घालून देऊ शकते, पण देणार नाही. मशीनचं आहे ना?" आणि वर फुकट सल्ला दिला : एजन्सीला एवढंच विचारा, की तुमचा तपासणारा माणूस स्पॅनिश मजकूर कशाशी ताडून बघणार, जर्मनशी की इंग्रजीशी? फोर्टवाल्यांना विचारलं. "मॅडम, क्वालिटीची काळजीच करू नका." म्हणजे उत्तर नाही.

दराचा घोळही कळला. शब्द कोणत्या भाषेतले मोजायचे? जर्मन माणूस डबे जोडून एकच लांबलचक गाडी करतो, स्पॅनिश माणूस तीच गाडी डबा-डबा सोडवून ठेवतो. पान 63 वरचं एक वाक्य घेतलं : दर 2000 तासांनी ओव्हरलोड यंत्रणेतला डिस्क स्प्रिंगचा गठ्ठा तपासा. जर्मनमध्ये सात शब्द. तेच स्पॅनिशमध्ये सतरा. कोटेशन मूळ शब्दांवर आहे की झालेल्या शब्दांवर, हे विचारलं नाही तर मोठा फटका. जर्मनीत म्हणूनच बरेच जण शब्द मोजतच नाहीत, 55 अक्षरांची एक ठरलेली ओळ धरतात आणि ओळीमागे पैसे लावतात.

आपला मजकूर मूळ जर्मनमध्ये 31,200 शब्द.

बुधवार, 11 जून

नमुन्यासाठी कोणतं पान द्यायचं, यावर अर्धा दिवस गेला. पहिलं पान द्यायचं नाही, ते सगळ्यांनाच येतं : मशीन खरेदी केल्याबद्दल अभिनंदन वगैरे. पान 63 निवडलं. त्यात वंगण आहे, ओव्हरलोड आहे, एक आकृती आहे, एक तक्ता आहे आणि तीन असे शब्द आहेत, ज्यांना जर्मनमध्ये दोन-दोन संसार आहेत.

फेडर : स्प्रिंग, आणि पक्ष्याचं पीसही.
झिशरुंग : इलेक्ट्रिक फ्यूज, किंवा कुठलीही सुरक्षा-अडकण.
श्टेम्पेल : पंच, आणि पोस्टातला शिक्काही.

नट म्हणजे मुटर, म्हणजेच आई. तो शब्द या पानावर नाही याचं वाईट वाटलं.

सोमवार, 16 जून

दोन्ही नमुने आले. फोर्टवाल्यांचं पान समोर घेऊन बसले. एक शब्द ओळखीचा वाटला : प्रिमावेरा. कुठे वाचलाय? मग आठवलं, लिंक रोडवरच्या हॉटेलच्या मेन्यूत, पास्ता प्रिमावेरा. इटालियन आहे, पण स्पॅनिशमध्येही शब्द हाच. वसंत ऋतू.

म्हणजे आपल्या मशीनमध्ये दर 2000 तासांनी वसंत ऋतूचा गठ्ठा तपासायचा.

पाच मिनिटं हसले, मग लक्षात आलं की या चुकीच्या अंगावर पत्ता लिहिलेला आहे. जर्मनमधून सरळ स्पॅनिशला जाणारा चुकला असता तर फेडरचं पीस झालं असतं, म्हणजे प्लूमा. फेडरमध्ये वसंत ऋतू कुठेच नाही. वसंत येतो तो इंग्रजीतल्या स्प्रिंगमधून. "थेट जर्मन ते स्पॅनिश" लिहून देणारे मधल्या स्टेशनवर उतरून गाडी बदलत होते, आणि तिकिटाचा अर्धा तुकडा पानावर विसरून गेले. माणसाने केलं की यंत्राने, ते कळत नाही. तपासणाऱ्या तज्ज्ञाने ते पाहिलं नाही, हे मात्र नक्की.

माद्रिदवाल्याचं पान वेगळं. ते भाषेने चोख दिसतं, स्प्रिंगला त्याने मुएये लिहिलंय, स्पेनमध्ये तसंच म्हणतात. पण ओव्हरलोड यंत्रणेला त्याने फुसिब्ले केलंय, म्हणजे इलेक्ट्रिक फ्यूज. वसईला मामांना फोन लावला. (मामा म्हणजे आमचे सीनियर फिटर. 31 वर्षं कॉम्प्रेशन मशीनवर.)

"मामा, ओव्हरलोडला फ्यूज आहे का?"

"कसला फ्यूज? ताई, खालच्या प्रेशर रोलरखाली डिस्क स्प्रिंगा आहेत, बश्या एकावर एक ठेवल्यासारख्या. डायमध्ये काही अडकलं, दाब वाढला, की त्या दबतात आणि रोलर खाली सरकतो. पंच वाचतात. फ्यूज शोधत बसला तर तिकडचा माणूस कंट्रोल पॅनल उघडील आणि इकडे पंच वाकतील."

माद्रिदच्या अनुवादकाची माहिती मागवली. पर्यटन आणि साहित्य. माणूस चांगला आहे, दुकान चुकलंय.

आणखी एक. दोघांनीही 2.000 हा आकडा जसाच्या तसा ठेवलाय. जर्मन माणूस हजाराला टिंब देतो आणि दशांशाला स्वल्पविराम. मेक्सिकोत आपल्यासारखंच, दशांशाला टिंब. त्यांच्या फिटरने ते दोन तास असं वाचलं तर तो दर दोन तासांनी मशीन उघडेल का? नाही उघडणार, हसेल. पण मॅन्युअलवर एकदा हसला की पुढचं काहीच खरं मानणार नाही.

मंगळवार, 17 जून

साहेबांना वसंत ऋतूची गोष्ट सांगितली. हसले. मग म्हणाले, "तेवढा शब्द दुरुस्त करून घे त्यांच्याकडून." एका पानावर मला दिसलेला तो एक शब्द होता, आणि तोही मेन्यूकार्डाच्या कृपेने, हे समजावण्यात चहा थंड झाला.

गुरुवार, 19 जून

आजचा दिवस याद्यांमध्ये गेला.

गिऱ्हाइकाच्या खरेदी खात्याने मध्येच ईमेल टाकलाय की "सर्टिफाइड" भाषांतरकार हवा. तो सर्टिफाइड कोण, हे समजून घेतलं. जर्मनीत शपथेवर नेमलेले अनुवादक असतात, ते त्या त्या राज्यातल्या कोर्टाच्या अखत्यारीत, आणि त्यांची सरकारी यादी ऑनलाइन आहे. स्पेनमध्ये ही नेमणूक परराष्ट्र मंत्रालय करतं. मेक्सिकोत पेरितो त्रादुक्तोर असतो. हे सगळे जन्मदाखला, घटस्फोट, कोर्टाचे कागद यांवर शिक्का मारणारे लोक. शिक्का कायद्याचा, कॉम्प्रेशन मशीनचा नव्हे. अमेरिकन ट्रान्सलेटर्स असोसिएशनची परीक्षा नावाजलेली, पण तिच्यात एक बाजू नेहमी इंग्रजी लागते. जर्मन-स्पॅनिश जोडी तिथे बसतच नाही.

खरेदी खात्याला कळवलं : मॅन्युअलला शिक्का नको, त्यापेक्षा आयएसओ 17100 प्रमाणे काम करून देतो. 2015 च्या या मानकात मुख्य मेख अशी, की अनुवाद करणाऱ्याखेरीज दुसऱ्या माणसाने तो मूळ मजकुराशी ताडून तपासलाच पाहिजे. मूळ मजकुराशी, म्हणजे जर्मनशी. पुण्याच्या ताईंचा प्रश्न तोच होता. तासाभरात होकार आला. बहुधा त्यांनाही नुसता एक क्रमांकच हवा होता.

मग बीडीयूची यादी. ही जर्मनीतली अनुवादकांची संघटना, 1955 पासूनची. तिच्या यादीत भाषाजोडी आणि विषय, दोन्ही लावून शोधता येतं. जर्मन-स्पॅनिश लावलं, भरपूर नावं. यंत्र अभियांत्रिकी लावलं, गळाली. मातृभाषा स्पॅनिश लावलं, आणखी गळाली. मेक्सिको लावलं, हाताच्या बोटांवर. चौघांना लिहिलं. एकाने सप्टेंबरची तारीख दिली. एकाने लिहिलं की औषधाची मशीनं माझा प्रांत नाही, पण अमुक बाईंना विचारा. आडनाव, ईमेल, बस. चांगला माणूस असा पुढच्या दारापर्यंत सोडतो.

सोमवार, 23 जून

त्या बाई मेक्सिकोतल्या प्वेब्लाला राहतात. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, त्यांच्याकडे सकाळचे आठ. बरोबर साडेअकरा तासांचं अंतर.

प्वेब्लाच का, हे त्यांनीच सांगितलं. फोक्सवॅगनचा कारखाना तिथे 1960 च्या दशकापासून आहे. जुन्या बीटलची जगातली शेवटची गाडी 30 जुलै 2003 ला तिथूनच बाहेर पडली. त्याच्या अवतीभवती सुटे भाग करणारे जर्मन कारखाने, जर्मन शाळा, जर्मन फोरमन. जर्मन ड्रॉइंग सकाळी येतं आणि दुपारपर्यंत मेक्सिकन कामगाराला कळावं लागतं, अशा गावात ही भाषाजोडी पोटापाण्याची आहे. मी तीन आठवडे चुकीच्या शहरात शोधत होते. भाषा कुठे शिकवली जाते ते बघत होते, ती कुठे राबते ते बघायला हवं होतं.

बाई शीटमेटलच्या प्रेस शॉपसाठी अकरा वर्षं अनुवाद करतायत. औषधाचं मशीन कधी केलेलं नाही, हे त्यांनी पहिल्याच मिनिटात सांगितलं. "पण पंच आणि डाय तर तेच ना? तुमचे फक्त लहान आहेत." आम्ही अर्धं जर्मन, अर्धं इंग्रजी बोललो. माझ्या जर्मनला त्या हसल्या नाहीत.

पान 63 पाठवलं.

बुधवार, 25 जून

नमुना आला नाही. प्रश्न आले, सात.

पहिलाच : ओव्हरलोड यंत्रणा यांत्रिक आहे, हायड्रॉलिक की इलेक्ट्रिक? आकृती 22 चा स्पष्ट फोटो मिळेल का? मजकुरावरून स्प्रिंग वाटते, पण झिशरुंगवर मला अंदाजाने चालायचं नाही.

तिसरा : तुमच्या गिऱ्हाइकाचे लोक बेअरिंगला काय म्हणतात? पुस्तकात रोदामिएंतो, पण मेक्सिकोत वर्कशॉपमध्ये बालेरो.

पाचवा : आमच्याकडे शीटमेटलमध्ये डायला त्रोकेल म्हणतात. गोळ्यांच्या मशीनवर मात्रिस म्हणत असावेत. ऑपरेटरला विचारून खात्री करा.

सातवा : तक्त्यात एम-8 (8 मिलिमीटर जाडीच्या) बोल्टचा टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, 225 न्यूटन-मीटर दिलाय. हे शक्य नाही. मूळ पान दाखवा.

मूळ पान काढलं. तिथे 22,5 आहे. स्वल्पविराम आमच्या ओसीआरने खाल्ला होता आणि मी पानं तपासल्याची टिकमार्क केली होती. ही चूक सर्वस्वी माझी. मामांना सांगितलं तर म्हणाले, "एम-8 ला सव्वादोनशे? अर्ध्यावर जायच्या आधी मुंडकं हातात येईल."

दोन एजन्सींनी तोच तक्ता भाषांतरित केला होता. दोघांच्याही पानावर 225 आहे.

गुरुवार, 26 जून

बाईंचा भाव शब्दाला 14 अमेरिकन सेंट. साहेबांनी कॅल्क्युलेटर उचलला, 86 ने गुणलं आणि खाली ठेवला. "फोर्टवाले पंच्याऐंशी हजारांत देतायत आणि ही बाई पावणेचार लाख मागते?"

मी 225 चं पान पुढे सरकवलं. साहेब मुळात इंजिनीअर आहेत. व्यापारात पडून वीस वर्षं झाली तरी एम-8 बोल्ट विसरलेले नाहीत. बराच वेळ पान बघत होते.

त्यातल्या त्यात कमी कसं झालं तेही नोंदवते. बाईंनी फाइल ट्रॅडोस या अनुवादाच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून पाहिली. 6,900 शब्द पुन्हा पुन्हा येणाऱ्या वाक्यांचे निघाले ("मुख्य स्विच बंद करा", "दरवाजा उघडण्यापूर्वी" वगैरे). त्यांना त्या 30 टक्केच दर लावतात, कारण एकदा केलेलं वाक्य सॉफ्टवेअर लक्षात ठेवतं. अनुवाद 3 लाख 17 हजारांवर आला. दुसऱ्या तपासनिसाचे वेगळे, ते धरून 3 लाख 90 हजारांच्या घरात. साहेब म्हणाले, "पुढच्या करारात पान 9 मी स्वतः वाचणार."

सोमवार, 30 जून

पीओ (खरेदीची ऑर्डर) गेला. परदेशात पैसे पाठवायचे म्हणजे सीएचं वेगळं पुराण : 15सीए, 15सीबी, बाईंचं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट, फॉर्म 10एफ, आणि सेवा आयात केली म्हणून आपल्यावर उलटा जीएसटी. बाईंनी सर्टिफिकेट दोन दिवसांत पाठवलं. आपण त्यांचं भारतातलं पहिलं गिऱ्हाईक नसू.

शुक्रवार, 4 जुलै

शब्दांची यादी पक्की केली. ग्वादालाहाराच्या प्रॉडक्शन मॅनेजरला विनंती केली होती की तुमच्या लोकांना तिथल्या एखाद्या मशीनभोवती उभं करा आणि एकेका भागाकडे बोट दाखवून ते काय म्हणतात ते लिहून पाठवा. त्याने खरोखर केलं. हाताने लिहिलेल्या कागदाचे चार फोटो आले. मशीन ताब्लेतेआदोरा, हॉपर तोल्वा, पंच पुन्सोन, डाय मात्रिस, बेअरिंग बालेरो. बाईंचा त्रोकेलवरचा संशय खरा होता. एकूण 118 शब्द.

एक गंमत बाईंनी हळूच सांगितली. स्पेनमध्ये "धरा, घ्या" यासाठी कोहेर हे साधं क्रियापद चालतं. मेक्सिकोत त्याचा अर्थ चारचौघांत बोलायचा नाही. स्पेनमधल्या अनुवादकाने "हँडल धरा" सरळ लिहिलं तर प्वेब्लाच्या शॉप फ्लोअरवर दोन दिवस काम बंद. माद्रिदवाल्याच्या नमुन्यात हँडल नव्हतं, वाचलो.

स्पॅनिश ही एक भाषा नाही, हे मला 4 जुलैला कळलं. आपणही नागपूरचा माणूस आणि मालवणचा माणूस एका खोलीत बसवून मॅन्युअल लिहून बघावं.

सोमवार, 7 जुलै

काल आषाढी, घरी साबुदाणा. आज पहिली 40 पानं. सोबत पुन्हा प्रश्न, आणि त्यातला एक मूळ जर्मनची चूक पकडणारा : पान 31 वर मजकूर म्हणतो "स्क्रू, क्रमांक 14", आकृतीत 14 क्रमांक ग्रीस निपलला आहे. मामांनी मशीनवर जाऊन पाहिलं, स्क्रू 16 आहे. म्हणजे 1994 पासून ही चूक जर्मनमध्ये सुखाने नांदत होती.

शुक्रवार, 11 जुलै

आजचं काम भाषेचं कमी आणि जबाबदारीचं जास्त होतं.

जुन्या मॅन्युअलमध्ये धोका कुठलाही असो, वर एकच शब्द : आखटुंग. हात चिरडेल तरी आखटुंग, रंग खरवडेल तरी आखटुंग. हल्ली इशाऱ्यांच्या पायऱ्या असतात. मृत्यू किंवा गंभीर इजा नक्की होणार असेल तिथे पेलिग्रो, होऊ शकत असेल तिथे आद्वेर्तेन्सिया, किरकोळ इजा असेल तर प्रेकाउसिओन, आणि फक्त मशीनचं नुकसान असेल तर आविसो. बाईंनी लिहिलं, "38 आखटुंग आहेत. कोणतं कुठल्या पायरीवर, हे मी ठरवणार नाही. मशीन मी पाहिलेलं नाही."

वसईला गेले. पावसाने वर्कशॉपच्या दारापर्यंत पाणी. मामा स्टुलावर, मी खोक्यावर, मध्ये 38 चिठ्ठ्या. मी जर्मन वाचायचं, मराठीत सांगायचं, मामांनी मशीनकडे बघून निकाल द्यायचा.

"टरेट हाताने फिरवताना खिडकीत बोटं."

"बोटं गेलीच समजा. पेलिग्रो."

मग थांबले. "नाही, थांबा. मेन स्विच बंद असताना हाताने फिरवतोय ना? मग चिमटेल, तुटणार नाही. पण दुसरा माणूस पाठीमागून फिरवत असेल तर?" उठले, कॉम्प्रेशन झोनपर्यंत टरेट स्वतः हाताने फिरवला, एक लाकडी पट्टी खिडकीत धरून दुसऱ्या पोराला फिरवायला लावलं. पट्टीचा तुकडा पडला. "आद्वेर्तेन्सिया. आणि लिहा, एकाच माणसाने फिरवायचा." हे वाक्य मूळ जर्मनमध्ये नाही. ते आम्ही वेगळ्या पानावर, आमच्या नावाने जोडलं. मूळ मजकुरात घुसवायचं नाही असं बाईंचं म्हणणं पडलं, आणि ते बरोबर आहे.

साडेपाच तास लागले. सहा पेलिग्रो, सतरा आद्वेर्तेन्सिया, नऊ प्रेकाउसिओन, सहा आविसो. तेवढ्या वेळात मामांना चारही शब्द पाठ झाले. चहावाल्या पोराला सांगत होते, "प्रेकाउसिओन, गरम आहे."

शुक्रवार, 18 जुलै

सगळी 142 पानं तपासनिसाकडून परत आली. तपासनीस बाईंच्याच ओळखीचा, लिऑनचा केमिकल इंजिनीअर, जर्मनीत शिकलेला. त्याने 61 ठिकाणी शेरे मारले, त्यातल्या 40 ठिकाणी बाईंनी मान्य केलं, बाकीच्या ठिकाणी दोघं भांडले. मला भांडणाची प्रत मिळाली. कळलं काही नाही, पण असं भांडण माझ्या ईमेलमध्ये आलं याचा आनंद झाला.

पान 63 उघडून बघितलं. रेसोर्तेस दे दिस्को, म्हणजे डिस्क स्प्रिंगा. 2,000 तास, स्वल्पविरामासह. 22.5, टिंबासह.

बुधवार, 23 जुलै

छपाई लालबागला केली, तेल लागलं तरी टिकेल असा जाड कागद, दोन प्रती. एक पेटीत, एक कुरिअरने पुढे.

वसईत पॅकिंग चालू. मामा स्पॅनिश स्टिकर लावत होते, ग्रीस निपलजवळ "इथे ग्रीस द्या" चा. मागच्या बाजूच्या मूळ जर्मन नेमप्लेटपाशी थांबले. तिच्यावर वजन कोरलंय, 1.850 किलो, जर्मन पद्धतीने टिंब देऊन. मॅन्युअलमध्ये आपण 1,850 छापलंय.

"हे त्यांना एक किलो आठशे पन्नास ग्रॅम वाटेल का, ताई?"

"क्रेनवाल्याला तरी नाही वाटणार, मामा."

"पण मग पुस्तकात वेगळं आणि प्लेटवर वेगळं कसं, असं विचारतील. प्लेट बदलता येणार नाही, ती मूळ कंपनीची आहे. तिला हात लावायचा नाही."

प्वेब्लाला सकाळ व्हायला अजून पाच तास होते. तरी बाईंना विचारून ठेवलं, नेमप्लेटवरचे आकडे जर्मन पद्धतीने आहेत, असं एका ओळीत कसं सांगायचं. रात्री साडेनऊला उत्तर आलं, बारा शब्द, आणि खाली : याचे पैसे नकोत. उद्या सकाळी ते लेबल प्रिंटरवर काढून वसईला पाठवायचं, पेटीचं झाकण दुपारी ठोकतायत.